वजन कुणी केलं?



मलकापूरच्या आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या वर्गणीसाठी बैठक बसली होती. वर्गणीचं झालं, स्पीकरचं झालं, आणि शेवटी एका पोरानं खिशातून कागद काढून ठराव वाचला. वस्तीत गांजा, एमडी किंवा कसलीही नशा देणारा, देऊ करणारा, जवळ बाळगणारा कोणीही सापडला तर मंडळ त्याला स्वतः पोलिसांच्या ताब्यात देईल, आणि त्याच्या घरच्यांना मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जागा राहणार नाही. टाळ्या पडल्या. कागद फिरला. एकोणतीस सह्या झाल्या. तिसावी माझी होती. मी कागद तसाच पुढं सरकवला.

मग जे व्हायचं ते झालं. "दादा गांजावाल्यांचे वकील झाले." "दादांना आता झोपडीतली पोरं मेलेली चालतात." एकानं तर बाबासाहेबांच्या फोटोकडं बोट दाखवून विचारलं, यांच्यासमोर सांगा, का सही करत नाही? बैठकीत मला बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय. उत्तर त्या एकोणतीस सह्यांना आहे. आणि तुमच्या वस्तीत असाच कागद फिरत असेल तर तुम्हालाही आहे.

पहिल्यांदा एक साफ करतो. मी नशेच्या बाजूचा नाही. हातभट्टीनं माझ्या घरातला माणूस नेलाय. आज एमडीनं पोरांचे गाल कसे बसतात, रात्ररात्र डोळे कसे मिटत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको. पण ठरावात जे तीन शब्द इतक्या सहज लिहिलेत, देणारा, देऊ करणारा, बाळगणारा, त्या तीन शब्दांवर माणसाची दहा-दहा वर्षं जातात. ते शब्द कुणी कुणाला लावायचे, कशाच्या जोरावर लावायचे, हे त्या कागदावर नाही. आणि असाच एक कागद मी यापूर्वी सही करून बसलोय.

२०२२ चा पावसाळा. वस्तीतली एक आक्का भिजत माझ्या दारात आली. "बाबा, माझ्या पोराला शहरात धरलंय म्हणं. तू शिकल्याला हाईस. जा की, बघून तरी ये." पोरगं एकोणीस वर्षांचं. बारावीला बसून शाळा सुटलेलं, शहरात गोदामात हमाली करणारं. शहराचं नाव सांगत नाही, ठाण्याचंही सांगत नाही. नाव सांगितलं की तुम्ही म्हणाल, ते ठाणंच तसलं. ठाणं कुठलंही घ्या.

मी पोचलो तेव्हा पोरगं भिंतीला लागून उकिडवं बसलं होतं. टेबलावर एक पिशवी होती, लाखेनं बंद केलेली. हवालदारानं विचारलं, कोण तू? म्हणालो, गावचा आहे, ओळखीचा. तो म्हणाला, "बरं झालं आलास. पंच पायजेच होता. हितं सही कर." चार कागद पुढं आले. दोन लिहिलेले, दोन कोरे.

मी एम.ए. झालेला माणूस. २६ नोव्हेंबरला शाळेशाळेत जाऊन संविधानावर बोलणारा. मी चारही कागदांवर सही केली. भीती होती, हे खरं. पण नुसती भीती नव्हती. मनात हिशोब होता. सही केली की साहेब खूश, साहेब खूश झाला की पोरगं सुटेल. हाच हिशोब आपल्या आज्या-पणज्यांनी पाटलाच्या चावडीत केला. मी तो ठाण्यात केला. एवढाच काय तो आमच्या घराण्याचा विकास.

पंचनामा मी वाचला तो पुढं वकिलाच्या हातात. त्यात लिहिलं होतं की माझ्या समक्ष पिशवी उघडली. माझ्या समक्ष शेजारच्या किराणा दुकानातून काटा आणला. माझ्या समक्ष माल तोलला आणि तो एक किलो एकशे चाळीस ग्रॅम भरला. दोस्तांनो, मी काटा पाहिला नाही. उघडी पिशवी पाहिली नाही. आणि ते किराणा दुकान त्या दिवशी बंद होतं, कारण मी चहा-बिस्किटासाठी तिथवर जाऊन परत आलो होतो.

हे एकशे चाळीस ग्रॅम काय असतात ते आता सांगतो. कायदा तिथंच दडलाय.

ज्या कायद्यानं ही पोरं आत जातात तो १९८५ चा. पुरं नाव गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. कोर्टात सगळे एनडीपीएस म्हणतात. राजीव गांधींच्या सरकारच्या काळात झाला, १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. काही पोरं म्हणतात, कायदा बाबासाहेबांचा, त्याच्या आड कशाला येता? गड्या, बाबासाहेबांनी दिलं ते संविधान. हा कायदा त्या संविधानाच्या खाली आहे, वर नाही. संविधानाचं बाविसावं कलम सांगतं की धरलेल्या माणसाला का धरलं ते सांगायचं आणि त्याला त्याचा वकील करू द्यायचा. विसावं सांगतं की त्याच्याच तोंडून त्याच्याविरुद्ध साक्ष काढायची नाही. आमच्या पोराला ह्यातलं काय मिळालं?

आता देणाऱ्याचा गुन्हा कशानं बनतो ते बघा. एकेक सवाल घेऊ. सरकारी वकिलानं हे सवाल पुराव्यानं सोडवायचे असतात, आणि आपण सोडवून देतो सहीनं.

पहिला सवाल : पदार्थ कुठला? पिशवीत गांजा आहे हे हवालदाराच्या नाकानं ठरत नाही. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुललेले, फळलेले शेंडे. नुसती पानं, नुसत्या बिया त्यात येत नाहीत. म्हणूनच भांगेच्या पानाला हा दिल्लीचा कायदा लागत नाही, आणि पर्वणीला साधूंच्या चिलमी पेटतात तेव्हा काटा घेऊन कुणी येत नाही. आमच्या पोराच्या पिशवीत शेंडे किती, काड्या किती, पानं किती, पिशवीचंच वजन किती? पंचनाम्यात एक ओळ नाही.

पदार्थ कुठला ह्यावर केवढे खटले डुलतात ते २०१५ साली दिसलं. साताऱ्यातल्या खंडाळा तालुक्यात मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या गावच्या घरात शंभर किलोहून जास्त पूड सापडली. एमडी, एमडी म्हणून देशभर गाजलं. पुढं प्रयोगशाळेचा अहवाल आला की हे एमडी नव्हे, अजिनोमोटो. चायनीजच्या गाडीवरचं! खटल्यातली हवा गेली. म्हणजे खाकीतल्या माणसाच्या शंभर किलोंना प्रयोगशाळा दोनदा विचारायची, आणि आमच्या पोराच्या पिशवीला एकदाही नाही. कारण त्यानं अगोदरच कबूल केलेलं.

दुसरा सवाल : ताबा कुणाचा आणि जाणीव कुणाला? पिशवी हातात असणं वेगळं, पिशवीत काय आहे हे माहीत असणं वेगळं. हमालाच्या डोक्यावर दिवसभर दुसऱ्याचाच माल असतो. ह्या कायद्याची ३५ आणि ५४ ही दोन कलमं उलटी चालतात. माल सापडला की कोर्ट धरून चालतं, ह्याला माहीत होतं. नव्हतं माहीत, हे आरोपीनं सिद्ध करायचं. भयंकर आहे हे. पण सुप्रीम कोर्टानं २००८ साली नूर आगाच्या खटल्यात सांगितलं की पाया आधी सरकारनं भरायचा. झडती नीट झाली, माल खरंच ह्याच्याकडं मिळाला, मोहोर शाबूत राहिली, हे सरकारनं दाखवायचं, मगच ती उलटी कलमं जागी होतात. आणि पाया कशाचा असतो? पंचनाम्याचा. त्या पायात माझ्या सहीचा दगड आहे.

तिसरा सवाल : दिलं कुणाला? देऊ केलं कुणाला? इथं आपल्या ठरावातली गंमत आहे. 'देऊ करणारा' हा शब्द पोरांनी कुठून आणला कोण जाणे. इंग्लंडच्या १९७१ च्या कायद्यात तो आहे. तिथं नुसतं 'देतो' म्हणणं हाच गुन्हा. माल जवळ नसला तरी, आणि ज्या नावानं विकायला काढला तो माल प्रत्यक्षात दुसराच निघाला तरी, शब्द गेला की गुन्हा झाला. असा निकालही तिथल्या कोर्टानं १९७० च्या दशकात दिलाय. १९६१ चा जो आंतरराष्ट्रीय करार आपल्या कायद्याच्या पाठीशी आहे, त्यातही देऊ करणं हा शब्द आहे. पण आपल्या आठव्या कलमात पिकवणं, बनवणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं, वाहून नेणं, साठवणं, वापरणं अशी क्रियापदांची माळ आहे, त्यात 'देऊ करणं' असं वेगळं नाही. ते येतं मागच्या दारानं. अठ्ठाविसाव्या कलमातून प्रयत्न म्हणून, नाहीतर एकोणतिसाव्यातून चिथावणी आणि कट म्हणून. आणि कट म्हटलं की दोन माणसांचं ठरलेलं काहीतरी दाखवावं लागतं. चौकात दोन पोरं बोलत उभी राहिली म्हणजे कट नव्हे.

हे मी म्हणत नाही, मुंबई हायकोर्ट म्हणतं. २ ऑक्टोबर २०२१ ला शाहरुख खानच्या पोराला जहाजावरच्या पार्टीच्या प्रकरणात धरलं. त्याच्याजवळ काही सापडलं नव्हतं. मित्राजवळ थोडं चरस मिळालं म्हणून ह्यालाही कटात घेतलं. एवढा पैसा, एवढे मोठे वकील, तरी पोरगं तीन आठवड्यांहून जास्त आत राहिलं. २८ ऑक्टोबरला जामीन झाला आणि हायकोर्टानं लिहिलं की एकत्र प्रवास केला म्हणून कट होत नाही, मोबाईलवरच्या बोलण्यातही तसं काही नाही. मे २०२२ मध्ये दोषारोपपत्र आलं त्यात त्याचं नावच नव्हतं. चांगलं झालं. कुणाचंही पोरगं नाहक आत बसू नये. पण त्याच प्रकरणातला एक पंच पुढं आला होता, आठवतंय? आपल्याकडून कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, असं त्यानं प्रतिज्ञापत्र करून सांगितलं. खात्यानं ते नाकारलं. पण मी टीव्हीसमोर बसून घामाघूम झालो होतो असं आज म्हणावंसं वाटतं. खरं सांगायचं तर झालो नव्हतो. 'मोठ्यांच्या भानगडी' म्हणून चॅनल बदललं होतं. आणि पुढच्याच पावसाळ्यात स्वतः कोऱ्या कागदावर सही करून आलो.

चौथा सवाल, आणि सगळ्यात जड : वजन किती? आपल्या कायद्यात देण्याचा पुरावा फारसा लागतच नाही. काटाच ठरवतो कोण देणारा आणि कोण घेणारा. १९८५ पासून २००१ पर्यंत तर गर्दची पुडी असो की पोतं, दहा वर्षांच्या खाली बात नव्हती. स्वतःसाठी होतं हे आरोपीनं सिद्ध केलं तरच सुटका. २ ऑक्टोबर २००१ पासून वजनाच्या तीन पायऱ्या आल्या. गांजा एक किलोच्या आत असेल तर अल्प, शिक्षा आज जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर गेला तर व्यापारी, कमीत कमी दहा वर्षं, आणि सदतिसाव्या कलमानं जामीन जवळजवळ बंद. मधला सगळा एकाच टोपलीत, दहा वर्षांपर्यंत. गर्द असेल तर अल्प पाच ग्रॅमच्या आत, व्यापारी अडीचशेच्या वर. एमडी दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम.

आता बघा आमचं पोरगं. एक किलो एकशे चाळीस. काड्या वेचून काढल्या असत्या, पिशवी बाजूला ठेवून तोललं असतं, तर काटा एक किलोच्या अलीकडं राहिला असता की पलीकडं, हे आज देवालाही माहीत नाही आणि देव आपण मानत नाही. अलीकडं राहिला असता तर एक वर्ष ही शेवटची हद्द होती. पलीकडं गेला म्हणून दहा वर्षांची तलवार. ही एकशे चाळीस ग्रॅमची रेघ मी न बघता ओढली.

गर्दचं तर ह्याहून वाईट. २२ एप्रिल २०२० ला सुप्रीम कोर्टानं हिरा सिंगच्या खटल्यात ठरवलं की पुडीत भेसळ असली तरी भेसळीसकट सगळं वजन धरायचं. म्हणजे बड्याचा शुद्ध माल हलका आणि गरिबाच्या पुडीतली पूड जड. रेशनवर खडे मिसळलेले तांदूळ आपल्याच वाट्याला आणि खड्यांच्या वजनाची शिक्षाही आपल्याच वाट्याला!

पोराला कोर्टानं जामीन दिला. दिला म्हणजे कागदावर दिला. जामीनदार पाहिजे, त्याच्या नावावर सातबारा पाहिजे, नाहीतर पक्क्या घराची घरपट्टी. आक्काकडं काय होतं? गायरानातलं पत्र्याचं घर. आमच्यातले नोकरदार होते, सोसायटीत फ्लॅट घेतलेले, निळ्या पाट्या लावून गाड्या फिरवणारे. एकजण उभा राहिला नाही. "गांजाच्या केसमध्ये आपलं नाव नको." मीही नाही राहिलो. मी पंच होतो ना!

तेरा महिने गेले. एका तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, कबूल करून टाक, झाली तेवढीच शिक्षा धरतील, आजच घरी जाशील. त्यानं कबूल केलं. आक्कानं कानातलं मोडून दंड भरला. मला साक्षीला कुणी बोलावलंच नाही. काट्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्ही पहिले.

आणि हे एकट्या आमच्या पोराचं नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी ह्या संस्थेनं २०१७ आणि २०१८ ह्या दोन वर्षांतले मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतले खटले तपासले. दहा हजारांहून जास्त खटले. जवळजवळ सगळे स्वतः ओढल्याचे, त्यातले बहुतेक गांजाचे. आणि निकाल कसा लागला? गुन्हा कबूल, दंड, पुढचा. झोपडपट्टीतली, फुटपाथवरची, रोजंदारीची माणसं. कबुलीच्या त्या कागदाखाली वर सांगितलेले सगळे सवाल गाडले गेले. पुरावा नावाची गोष्ट आपल्या माणसाला बघायलाच मिळत नाही.

मग खरा देणारा कोण? आपल्याच जिल्ह्यात बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत मुंबई पोलिसांच्या पथकानं फार्महाऊसवरचा एमडीचा कारखाना उघडा केला. जागा कुणाची? पोलिसांनी सांगितलं, मुंबईच्या एका वकिलाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी धरलं, आणि त्याच धाग्यानं सांगलीजवळच्या कुपवाडलाही माल निघाला. कारखान्याला लायसन लागतं, वीज लागते, केमिकलचे ड्रम लागतात, टेम्पो लागतो. ह्यातलं काय आपल्या वस्तीत तयार होतं? आपल्या वस्तीत तयार होतात ते दोन पाय. पिशवी इथून तिथं नेणारे दोन पाय. पाच-सातशे रुपयांत. धाड पडली की सापडतात तेच.

आणि आपला ठराव काय म्हणतो? त्या पायांना पोलिसांच्या ताब्यात द्या. कारखानदारापर्यंत जायची आपली छाती नाही, म्हणून आक्काच्या पोरावर शौर्य गाजवा.

ह्या मातीत एक राजा होऊन गेला. महार, मांग, रामोशी, बेरड म्हणून जन्माला आलं की चावडीवर रोज हजेरी द्यायची, गुन्हा केलेला असो नसो, अशी पद्धत होती. जन्म हाच पुरावा. शाहू महाराजांनी ती हजेरी १९१८ साली आपल्या संस्थानात बंद केली. आणि नुसती बंद करून थांबले नाहीत, आपल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. काय सांगायचं होतं त्या राजाला? तुमच्यावर कुणी बोट दाखवलं तर उलट विचारा, पुरावा कुठाय? शंभर वर्षांनी आपण काय करतोय? आपल्याच वस्तीत, आपल्याच मंडळाच्या लेटरहेडवर, आपल्याच पोरांची हजेरी पुन्हा चालू करतोय. ह्या खेपेला गावकामगार पाटील लागत नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार पुरे आहेत.

बैठकीत फोटोकडं बोट दाखवणाऱ्या पोराला आता उत्तर देतो. तो म्हणाला, पंचशीलातलं पाचवं शील विसरलात? बावीस प्रतिज्ञा विसरलात? नाही विसरलो. पण शील हे माणूस स्वतः घेतो. मी घेईन, तू घेशील, हात जोडून, आपल्या तोंडानं. दुसऱ्याच्या पाठीवर काठीनं लिहितात त्याला शील म्हणत नाहीत, त्याला धर्मशास्त्र म्हणतात, आणि त्याचं आपण महाडला काय केलं ते तुला पाठ आहे. शील मोडलं म्हणून वाळीत टाकायचं, घरच्यांना कार्यक्रमात जागा द्यायची नाही, हे कुणाचं शिक्षण? बहिष्कार काय असतो हे आपल्याहून जास्त कुणाला ठाऊक? ज्या विहिरीवरून आपल्याला हाकललं, तसलीच विहीर खणून तिच्या काठावर आपण राखण बसतोय.

नशेत सापडलेल्या पोराला हात द्यायची सोय त्याच कायद्यात आहे, हे किती जणांना माहीत आहे? ६४-अ कलम. स्वतः ओढल्याचा किंवा अल्प वजनाचा गुन्हा असेल, पोरगं व्यसनी असेल, आणि त्यानं आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायचं ठरवलं, तर त्याच्यावरचा खटला चालू नये अशी ती सोय आहे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. ठरावात उपचार हा शब्द एकदाही नाही. ताब्यात हा शब्द मात्र दोनदा आहे. मोजलेत मी. आता मोजायची सवय लागलीय.

टीका करून गप्प बसणाऱ्यातला मी नाही, निदान आता नाही. म्हणून काय करायचं तेही सांगतो.

पंच व्हायला बोलावलं तर कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही, तोही गुन्हा धरतात. पण न बघता सही कर, असं जगातला कुठलाच कायदा सांगत नाही. कायद्याच्या भाषेत पंच म्हणजे त्या भागातला स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी. हसू नका. देवळाच्या पायरीवर प्रतिष्ठित नाही, गावच्या जेवणावळीत प्रतिष्ठित नाही, पंचनाम्यावर मात्र आपण प्रतिष्ठित! तर त्या प्रतिष्ठेला जागा. उघडी पिशवी बघा. काटा बघा. रिकामी पिशवी वेगळी तोलायला लावा. कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारा, मगच सही करा. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ कलमानं झडती-जप्तीचं चित्रण करणं बंधनकारक आहे, पंचांच्या सह्यांसकट. चित्रण कुठाय, विचारा. एवढं विचारलं तरी पेन थांबतं.

अंगझडती घ्यायची असेल तर पन्नासाव्या कलमानं त्याला अगोदर सांगावं लागतं की मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा तुझा हक्क आहे. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१० साली विजयसिंह जाडेजाच्या खटल्यात सांगितलं की हे सांगणं काटेकोरपणे झालंच पाहिजे. हातातल्या पिशवीला हे लागत नाही, खिशाला लागतं. बाईची झडती बाईनंच घ्यायची. तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे २९ ऑक्टोबर २०२० ला तोफान सिंगच्या खटल्यात ठरलंय. आणि अनुसूचित जातीच्या माणसाला, कोठडीतल्या माणसाला, बाईला १९८७ च्या कायद्यानं वकील फुकट मिळतो. उत्पन्नाचा दाखला नको. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथं अर्ज घेऊन गेलेला एकतरी कार्यकर्ता दाखवा मला. डीजेच्या परवानगीसाठी चार वेळा गेलेले मात्र ढीगभर दाखवतो.

आणि ठरावाच्या खाली सह्या करणाऱ्यांनो, ५८ वं कलमही वाचून ठेवा. जाणूनबुजून, वाईट हेतूनं खोटी खबर देऊन कुणाला अटक करवली तर खबर देणाऱ्यालाच दोन वर्षांपर्यंत. नाहक झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने. म्हणजे खाकीचं वजन सहा महिने आणि तुमचं दोन वर्षं. काटा इथंही त्यांचाच आहे.

मंडळानं दुसरा ठराव घ्यावा. वस्तीत कुणाला धरलं तर त्याच रात्री मंडळाचे दोघं ठाण्यात जातील. धरलं का, हे विचारतील. वजन कुणी केलं, हे विचारतील. वकील मिळेपर्यंत पोराला सांगतील, कबूल करू नको. ज्यांची घरं पक्की आहेत ते जामीन राहतील, पहिलं नाव माझं लिहा. पोरगं व्यसनात असेल तर त्याला उपचाराला नेतील. आणि माल कुठून येतो ते पक्कं कळलं, तर टेम्पोच्या नंबरासकट, मालकाच्या नावासकट, लेखी, सह्यांनी, वरपर्यंत कळवतील. तेवढी धमक असेल तर तो ठराव. नसेल तर निदान आक्काच्या घरावर धोंडा टाकू नका.

पोरगं आता परत गावात आहे. मलकापूरच्या एसटी स्टँडवर रत्नागिरीकडं जाणाऱ्या मालाची हमाली करतं. माझ्याशी बोलत नाही. परवा मी त्याला सगळं सांगितलं. काटा, बंद दुकान, कोरे कागद. ऐकून घेतलं, डोक्यावरचं पोतं सावरलं आणि म्हणालं, "मला म्हायती हुतं की दादा. मी भितीकडनं बघतच हुतो तुमास्नी सही करताना."

मी प्रतिज्ञापत्र लिहून ठेवलंय. निकाल लागून गेलाय, पोरानं कबुली दिलीय, आता त्याचा कोर्टात काय उपयोग होईल ते वकील बघतील. पण सहीच्या वेळी मी काय पाहिलं नाही, ते त्यात एकेक करून लिहिलंय. अंक निघाला की मंडळाच्या बैठकीत तेही वाचणार आहे. ज्यांना उठून जायचं त्यांनी जावं.

तुमच्या ठरावावर तिसावी जागा मोकळी आहे म्हणता. राहू द्या मोकळी. न बघता एकदा सही केली ती पुरे झाली.

जयभीम.